म्हाताऱ्याची मुळं

आमच्या घरात संशय घेणं हे आईचं काम होतं आणि ती ते मन लावून करायची. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून ते नखावरून ओघळतं कसं हे पाहायची, गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेलं पातळ उन्हात धरून त्यातली विरळ जागा शोधायची, आणि कुणी घरी येऊन फार गोड बोलून गेलं की दार लावता लावता म्हणायची, "याले काय पाहिजे होतं वं?" बाबा हसायचे. ते कुणावर संशय घेत नसत, निदान बोलून तरी दाखवत नसत. मी बाबांसारखी आहे असं वस्तीत सगळे म्हणत, आणि मलाही ते खरं वाटायचं. पण एका हिवाळ्यात, मी आठवीत असताना, मी आईचं काम स्वतःकडे घेतलं आणि तिच्यापेक्षा पुष्कळ वाईट केलं. तेवढं एकदा लिहून ठेवायचं आहे.

नागपुरात लकडगंजच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. वर टिन, मागे खाट मावेल एवढं आंगण, आणि आंगणाच्या भिंतीपलीकडे लाकूड कापायची आरा मशीन. बाबा तिथंच मिस्त्री होते. सकाळी आठाला आरा सुरू झाला की घरातलं बोलणं आपोआप मोठ्या आवाजात व्हायचं, आणि दुपारी जेवणाच्या सुटीत तो थांबला की आपण ओरडून बोलतोय हे सगळ्यांच्या एकदम लक्षात यायचं. सागवानाचा भुसा आमच्या अंथरुणात, वह्यांत, कधी कधी वरणातही असे. स्वयंपाक भुशाच्याच शेगडीवर. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद ओढून काढायची आणि त्या पोकळीत खालून जाळ लावायचा. दोन दोन तास ती धुमसत राही. तिच्यावर तुरीचं वरण शिजे, अंबाडीची भाजी होई, आणि शेवटी उरलेल्या धगीवर आई वांगं ठेवून देई. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि ते वांगं. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात दोन तऱ्हेचे गॅस आहेत, पण वांग्याला तो सागाचा वास काही येत नाही.

त्या आंगणाच्या भिंतीवर, टिनाची वळचण जिथं पुढे येते तिथं, बाबांनी एक फळी ठोकली होती आणि फळीवर म्हातारा बसलेला असे. हा म्हातारा म्हणजे एक निवडुंग. संत्र्याएवढा गोल, आणि अंगभर बारीक पांढरे काटे इतके दाट की खालचा हिरवा रंग दिसूच नये. पांढऱ्यात मधूनमधून लालसर लांब काटे. हात लावला तर टोचायचे नाहीत. बाबा आठ दिवसांनी दाढी करत, तेव्हा त्यांची दाढी लागे तसेच लागायचे. त्याचं खरं नाव नोटोकॅक्टस स्कोपा. बाबा ते नाव रात्रशाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणत. तो मूळचा ब्राझील आणि उरुग्वेच्या बाजूचा, तिथल्या गवताळ माळावरच्या खडकांत राहणारा. "इतक्या दुरून आला, अन् माह्या टिनाखाली बसला," असं ते पाहुण्यांना सांगत. आईला तो कधीच पटला नाही. काटेरी झाड घरात ठेवलं की घरात भांडण होतं, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणत, "भांडण तं झाडाच्या आधीपासून आहे."

तो विकत घेतलेला नव्हता. सिव्हिल लाइन्समध्ये एक वकीलसाहेब राहत. त्यांना निवडुंगांचा शौक होता आणि परदेशातून ते झाडं मागवत. त्यांचं काचघर बाबांनी बांधलं, म्हणजे त्यातलं सगळं लाकूडकाम. पुढेही मांडण्या, खोकी, फळ्यांची डागडुजी यासाठी बाबा रविवारी तिकडे जात. काचघर झालं त्या वर्षी तिथल्या स्कोपाला फळं धरली. एक वाळकं फळ फळीवर फुटून पडलं होतं. बाबांनी ते तळहातावर घेऊन साहेबांना विचारलं, आणि साहेब म्हणाले, "ने, ने. उगवतं का बघ." आतलं बी राजगिऱ्याहून बारीक आणि काळं. बाबांनी ते माचिसच्या डबीत घालून घरी आणलं.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणजे पाहायला पाहिजे होतं. बाबांनी आमची काळी माती एक चिमूटही वापरली नाही. ती पाणी धरून ठेवते आणि या जातीची मुळं तिच्यात कुजतात. कन्हान नदीची जाड रेती, विटेचा चुरा, कोळशाचे बारीक तुकडे आणि कडुनिंबाचा दोन वर्षं कुजलेला पाला, हे सगळं चाळून, तव्यावर भाजून, एका पसरट परळात भरलं. बी वर नुसतं भुरभुरलं, मातीखाली दाबलं नाही. परळ पाण्याच्या ताटात ठेवला, म्हणजे खालून ओल चढावी, आणि वर काचेचा तुकडा झाकला. पंधराएक दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. वीस उगवले, पावसाळ्यात पाच उरले, आणि तिसऱ्या वर्षी एक. तो एक आधी वाटाण्याएवढा, मग बोराएवढा, मग लिंबाएवढा झाला. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यानं या झाडाचा बुंधा तपकिरी पडतो, म्हणून बाबा टिनावरून गळणारं पावसाचं पाणी ड्रमात साठवत आणि वर्षभर त्यालाच देत. उन्हाळ्यात बांबूच्या तट्टीची सावली, पावसाळ्यात डोक्यावर काच, आणि दिवाळीनंतर पाणी जवळजवळ बंद. "थंडीत त्याले झोपू द्यायचं," ते म्हणत. "झोपलेल्याले पाणी पाजलं तं तो मरते." हे वाक्य मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना वापरलं.

रविवारी कधी कधी मीही बाबांबरोबर बंगल्यावर जायची. तिथं आम्हाला चहा मिळे. आमचे कप मात्र मागच्या ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असत आणि पिऊन झाल्यावर ते आम्हीच धुवायचे. बाबांनी दीक्षा घेतली त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, पण कोनाड्याला ते माहीत नसावं. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त, ते तिथला चहा अर्धाच पीत. वकीलसाहेब तसे बोलके होते. त्यांनीच मला कलम दाखवलं. त्यांचा स्कोपा एका तीनधारी निवडुंगाच्या खोडावर बसवलेला होता आणि तो जोड दिसू नये म्हणून खोड पूर्ण मातीखाली पुरलं होतं. "नागपूरच्या पाण्यात याची स्वतःची मुळं टिकत नाहीत," ते म्हणाले. बाबा पलीकडे रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा रंधा चालवला. घरी आल्यावर फळीपुढे उभे राहून म्हणाले, "टिकते. टिकवणारा पाहिजे." तिथं भिवाजी नावाचे एक वयस्क माळी होते. ते आणि बाबा कामानंतर फाटकाजवळ उकिडवे बसून एकेक बिडी ओढत.

जानेवारीतला एक रविवार. त्या दिवशी मी बाबांबरोबर गेले नव्हते. आई संध्याकाळी विहारात गेली होती आणि मी शेगडीशी भूगोल वाचत बसले होते. दिवेलागणीला बाबा मागच्या गल्लीतून आले. पुढच्या दारानं येणारा माणूस मागून काहून आला, हे मला लगेच खटकलं. त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी मोरीपाशी कंदील ठेवला, चाकू शेगडीच्या धगीवर धरला आणि कापायला बसले. मी दारात गेले. त्यांच्या हातात पांढरा केसाळ गोळा होता. खालून एकेक चकती ते कापत होते, कंदिलापुढे धरत होते आणि पुन्हा कापत होते. प्रत्येक चकतीच्या मधोमध तपकिरी कडं होतं. शेवटी हातात नुसती टोपी उरली, आणि तिच्यातही ते कडं होतंच. मला पाहून ते दचकले. बाबांना दचकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आईले सांगजो नको," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळ्या चकत्या गोळा करून शेगडीत टाकल्या. आई परत आली ती दारातूनच नाक वर करून. "केसं जळल्यावानी वास काहून येऊन राहिला?"

"जुना ब्रश होता," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीकडे पाहिलं. म्हातारा होता. पण त्याची कुंडी नवी होती, गेरूनं रंगवलेली. "जुनी तडकली," बाबा म्हणाले. "मातीच्या गोळ्यासकट तसाच उचलून ठेवला." मी विचारलेलं नसताना त्यांनी हे सांगितलं, तेही मला खटकलं.

आठवडा गेला असेल. वकीलसाहेबांचे मुनशी सायकलवर आरा मशीनवर आले. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते, सुटी झालेली, आरा थांबलेला, त्यामुळे प्रत्येक शब्द मला ऐकू आला. काचघरातलं स्कोपाचं झाड नाहीसं झालं होतं. बाईसाहेबांना मांडणीत रिकामी जागा दिसली. भिवाजी म्हणाले होते, रविवारी होतं, मग दिसलं नाही.

"रविवारी तुम्हीच आले होते, मिस्त्री," मुनशी म्हणाले.

"मी चोरी नाही केली," बाबा म्हणाले.

"झाड तुमच्याकडे आहे काय?"

"नाही."

आरा मशीनचे मालक गल्ल्यावरून ऐकत होते. मुनशी गेले, बाबांनी डबा उघडला आणि निम्मी भाकर तशीच ठेवून झाकण लावलं. मी आईची मुलगी होते. "मी नेलं नाही" असं बाबा म्हणाले नव्हते, "मी चोरी नाही केली" असं म्हणाले होते. आणि "आहे काय" याला "नाही" हे उत्तर, जे जाळून टाकलं त्याच्याबद्दलही खरंच होतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन पांढरे गोळे फिरायला लागले. दोनांपैकी एक शेगडीत गेला होता. कोणता? आमचा सडला असेल, आणि बाबांनी साहेबांचा चांगला आणून नव्या कुंडीत बसवला असेल, तर? सहा वर्षांची मेहनत सडताना पाहून माणूस काय करील, कुणी सांगावं? मी फळीपुढे उभी राहून म्हाताऱ्याच्या काट्यांच्या रांगा मोजायला लागले. मोजल्यावर लक्षात आलं, की आधी कधी मोजल्याच नव्हत्या. सहा वर्षं तो माझ्या डोळ्यांपुढे वाढला आणि मला त्याची एक खूण सांगता येत नव्हती. बाबा आंगणात आले की मी आत जायची. जेवताना ते काही म्हणाले की मी त्यातले शब्द वेगवेगळे करून पाहायची. त्यांचं ते नेहमीचं हसणंही मला मुद्दाम केल्यासारखं वाटायला लागलं. संशयाचं असंच असतं, त्याला खायला काहीही चालतं.

आणि म्हाताऱ्याला नेमक्या त्याच साली कळ्या आल्या. डोक्यावर पाच, बदामी लोकरीच्या गोंड्यांसारख्या. थंडी सरता सरता शहरात फुलांचं प्रदर्शन भरत असे. बाबा दरवर्षी नुसतं पाहायला जात. त्या वर्षी त्यांनी नाव नोंदवलं.

"नका जाऊ," आई म्हणाली. मुनशी येऊन गेल्याचं तिला तोवर वस्तीतून कळलं होतं. "तिथं ते लोक येतीन. सगळ्यांसमोर चोर म्हणतीन."

"घरात लपवून ठेवलं तं चोरच होईन ना मी," बाबा म्हणाले. मला ते वाक्य धीट वाटायच्या ऐवजी निगरगट्ट वाटलं.

सायकलच्या कॅरिअरवर, कुंडी मांडीत धरून, मी गेले. मांडवात लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, डेलिया, शेवंती, गुलाब. निवडुंगांचं टेबल एका कोपऱ्यात, उन्हाच्या पट्ट्यात होतं. त्या उन्हानं अकराच्या सुमाराला दोन कळ्या उमलल्या. रेशमासारखी पिवळी फुलं, आणि मधोमध किरमिजी ठिपका. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. लोक थांबत, वाकून पाहत. एक वयस्क परीक्षक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बियापासून? नागपुरात?" बाबांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात वकीलसाहेब आणि बाईसाहेब आले. मागे भिवाजी, पाण्याची बादली घेऊन. त्यांच्याही दहाबारा कुंड्या मांडलेल्या होत्या. बाईसाहेब टेबलापुढे थबकल्या.

"अहो, हे आपलं झाड," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यामुळेच आजूबाजूचे सगळे वळले.

साहेबांनी वाकून पाहिलं. "मिस्त्री, हे कुठून आणलं?"

"घरून आणलं, साहेब. बियाचं आहे. बी तुम्हीच दिलं होतं, काचघर झालं त्या वर्षी."

"मला आठवत नाही," साहेब म्हणाले. आज वाटतं, त्यांना खरोखरच आठवत नसावं. देणाऱ्याला चिमूटभर बी कशाला आठवेल?

"या लोकांकडे असलं झाड येणार कुठून?" बाईसाहेब कुणालाच उद्देशून बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. "तू शाळेत जातेस ना गं? खोटं बोलणार नाहीस तू. सांग, हे झाड तुमच्या घरी कधीपासून आहे?"

मी तोंड उघडलं. "लहानपणापासून" हा एक शब्द होता. तो म्हणायचा होता. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या नव्या कुंडीकडे पाहिलं, आणि तो शब्द आला नाही. मांडवाबाहेर कुणीतरी संत्री विकत होता, त्याची हाळी दोनदा ऐकू आली.

"बघा," बाईसाहेब म्हणाल्या.

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून टेबलावर पसरला. "साहेब, तुमच्या झाडाले कलम होतं. तीनधारी खोडावर. जोड मातीखाली. बरोबर?"

"बरोबर."

"हे आपल्या मुळावर आहे. पाहून घ्या."

परीक्षकांनी हात पुढे केला. "मिस्त्री, झाड फुलावर आहे. आत्ता उपटलं तर फुलं जातील. कदाचित झाडही जाईल."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी कुंडी आडवी केली, काठ टेबलावर दोनदा आपटला आणि म्हातारा मातीसकट दुपट्ट्यावर आला. बोटांनी त्यांनी माती मोकळी केली. कन्हानची रेती, विटेचा चुरा, कोळशाचे तुकडे. मग म्हणाले, "भिवाजी, बादली द्या."

भिवाजींनी बादली उचलून धरली. बाबांनी त्या पाण्यात मुळं धुतली, एकेक बट सोडवून, सावकाश. पाणी हिंदकळत होतं. भिवाजींनी मान दुसरीकडे वळवली होती. मग त्यांनी झाड वर धरलं. गोळ्याचा बुंधा निमुळता होत थेट मुळांत गेला होता. खोड नव्हतं, जोड नव्हता. परीक्षकांनी बुंध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बियाचंच आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाईसाहेब म्हणाल्या, "मग आमचं गेलं कुठं?"

"ते मले नाही सांगता येणार, बाईसाहेब," बाबा म्हणाले.

कुंडीबाहेरच्या झाडाला बक्षीस देता येत नाही. बाबांनी मुळं दुपट्ट्यात गुंडाळली आणि आम्ही निघालो.

परत येताना ते सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले. मी मागे, दुपट्ट्यातलं झाड छातीशी धरून. फुलं मिटायला लागली होती. रेल्वेचं फाटक बंद होतं, म्हणून थांबावं लागलं.

"थांबली काहून?" बाबांनी विचारलं. फाटकाबद्दल नाही, हे मला कळलं.

मी सगळं सांगितलं. पिशवी, चकत्या, शेगडी, नवी कुंडी. "दोनांतलं कोणतं जाळलं, ते मले माहीत नव्हतं," मी म्हणाले. तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली. तिचे डबे संपता संपेनात.

"साहेबाचं जाळलं," गाडी गेल्यावर बाबा म्हणाले. "भिवाजीनं थंडीत पाणी घातलं, खालचं खोड सडलं. बाई कामावरून काढून टाकतीन म्हणून रडत होता बिचारा. म्हणे, मिस्त्री, वाचलं तं मुकाट्यानं आणून ठेवजा. कापत गेलो, पण सड वरपर्यंत गेली होती. नाही वाचलं."

"पण तेच तं म्हणाले, रविवारपर्यंत होतं म्हणून. तुमच्यावर ढकललं त्यांनी."

"भेव असते वं. भेलेला माणूस जे हाताशी दिसते ते पुढं करते."

फाटक उघडलं. लोक जायला लागले. बाबा हलले नाहीत.

"तुले संशय आला, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मी लपवलं, तुले दुसरं काय वाटणार? पण तिथं, त्या बाईनं विचारलं तवा, तू झाडाकडे पाह्यलं. माह्याकडे नाही पाह्यलं."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि या वाक्याला द्यायची उत्तरं मी अनेकदा मनात तयार केली आहेत. एकही पुरेसं वाटलेलं नाही.

दोनेक आठवड्यांनी मुनशी पुन्हा आले. साहेबांनी बोलावलं होतं. बाबांनी मला बरोबर नेलं. साहेब व्हरांड्यात होते. त्यांनी एक छोटं, परदेशी निवडुंगाचं झाड पुढे केलं. "हे घेऊन जा, मिस्त्री. झालं ते झालं."

"साहेब, लिहून द्या," बाबा म्हणाले.

"काय लिहून देऊ?"

"की हे तुम्ही दिलं. बी दिलं ते तुम्हाले आठवलं नाही. उद्या झाडही नाही आठवलं तं?"

बाईसाहेब उठून आत गेल्या. साहेबांनी मुनशींकडून कागद मागवला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. आईनं घरी ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि सही खरी आहे काय, असं विचारलं. त्या दिवशी निघताना बंगल्याच्या फाटकापर्यंत भिवाजी झाड घेऊन आले होते. "मिस्त्री, मी बोलायले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"बोलले असते तं आज दोघंही घरी बसलो असतो," बाबा म्हणाले. भिवाजींनी बिडी पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही. मला वाटायचं बाबांना राग येतच नाही. येत होता, पण त्याचं माप ते ठरवून ठेवत.

म्हाताऱ्याला बाबांनी दहा दिवस सावलीत कोरडाच ठेवला, मुळांच्या जखमा सुकाव्यात म्हणून, आणि मग कोरड्या रेतीत बसवला. उरलेल्या तीन कळ्या वाळून गेल्या. नवी मुळं फुटली की त्याचं अंग पुन्हा घट्ट होईल, तोवर पाणी नाही, हात लावायचा नाही, असं ते म्हणाले. रोज सकाळी आरा सुरू व्हायच्या आधी ते फळीपुढे वाकून पाहत. मेलेला निवडुंग पडत नाही, वाळल्यासारखा दिसत नाही, काटे तसेच उभे राहतात. बाहेरून काही कळत नाही. एका दुपारी बाबा कामावर असताना मी त्याला अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. आत काहीच नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. कुंडी फळीच्या आतल्या टोकाला सरकवली, दाबलेली बाजू भिंतीकडे केली, आणि संध्याकाळी बाबांना म्हणाले, "त्याले हलवू नका. मुळं फुटून राहिली असतीन." बाबा बरं म्हणाले. माझी परीक्षा झाली, निकाल लागला, उन्हाळा तापला, आणि बाबा रोज सकाळी वाकून पाहत राहिले. मी रोज सांगत राहिले, की आता बहुतेक फुटलीच असतील.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी कुंडी खाली घेतली. रेतीतून म्हातारा उचलला. तो नुसतं टरफल होता, चिमणीच्या घरट्याएवढा हलका.

"तुले माहीत होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"कवापासून?"

"परीक्षेच्या आधीपासून."

"सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही रोज पाहत होते," मी म्हणाले.

बाबांनी ते टरफल हातात फिरवलं. भिंतीकडच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा खळगा तसाच होता.

"मले बी माहीत होतं," ते म्हणाले. "तू रोज म्हणत होती मुळं फुटतीन. म्हणून पाहत होतो."

आणि ते हसले. प्रदर्शनानंतर माझ्याकडे पाहून ते पहिल्यांदाच हसत होते.